पाटीवर एकच नाव आहे, ते ठेकेदाराचं

प्रति,
मा. सदस्य,
पेनसिल्व्हेनिया ऐतिहासिक व संग्रहालय आयोग,
हॅरिसबर्ग

विषय : माल्व्हर्नजवळच्या ‘डफीज कट’ स्मृतिफलकाचा मजकूर नव्याने लिहिण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

किंग रोड आणि शुगरटाउन रोड जिथे एकमेकांना भेटतात, तिथे आपण २००४ साली एक फलक उभा केलात. राज्यभर असतो तसाच, निळा, वर पिवळी अक्षरं. गाडी चालवताना एका नजरेत वाचून होणार नाही इतका मजकूर त्यावर आहे, म्हणून एका रविवारी गाडी बाजूला लावून मी तो सावकाश वाचला. जवळच ५७ आयरिश स्थलांतरित मजुरांची सामूहिक कबर आहे. ते १८३२ च्या ऑगस्टमध्ये कॉलऱ्याने गेले. नुकतेच या देशात आले होते आणि डफी नावाच्या ठेकेदाराकडे, फिलाडेल्फिया–कोलंबिया रेल्वेच्या बांधकामावर होते. आयरिश कॅथलिकांबद्दलच्या आकसामुळे त्यांना शुश्रूषा मिळाली नाही. एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी स्थलांतरित कामगारांच्या वाट्याला जे धोके आले, त्याचं हे उदाहरण. साधारण असा तो मजकूर.

दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट डोळ्यांत खुपली आणि अजून खुपते आहे. एवढ्या मजकुरात माणसाचं नाव एकच आहे, ते ठेकेदाराचं. जागेलाही त्याचंच नाव. जे मेले त्यांची फक्त संख्या आहे.

हे पत्र मी मराठीत लिहिते आहे. इंग्रजी प्रत आपल्याला टपालाने वेगळी पाठवली आहे. मराठीत अशासाठी, की एक्स्टनपासून फिलाडेल्फियापर्यंत या रेल्वेमार्गाच्या दोन्ही अंगांना आज शेकडो मराठी घरं आहेत. आम्ही रोज या रुळांवरून कामाला जातो. माल्व्हर्न आणि एक्स्टनच्या मधल्या रानात, खिडकीतून दिसणाऱ्या झाडीमागे कोण पुरलेलं आहे, हे आमच्यातल्या बहुतेकांना ठाऊक नाही. मलाही इथे येऊन सहा वर्षं होईपर्यंत नव्हतं. ही विनंती फक्त आयरिश लोकांनी करावी अशी नाही. रुळांवरून जाणाऱ्या प्रत्येकाची ती असायला हवी, म्हणून त्यांनीही हे वाचावं.

माझा रेल्वेशी संबंध जन्मापासूनचा. मी कर्जतची. वडील की-मन होते. रोज सकाळी खांद्यावर हातोडा आणि पाना, पिशवीत लाल-हिरवी झेंडी घेऊन ते आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासायला निघत. रूळ घट्ट धरणारी चावी सैल झाली असेल तर ठोकायची, बोल्ट आवळायचा, खडी सरकली असेल तर मुकादमाला सांगायचं. घाटाकडे बोट दाखवून ते म्हणत, “हा रूळ आपण राखतो, पण टाकणारे वेगळेच होते. त्यांच्यातल्या कितींना पहिली गाडीही दिसली नाही.” लहानपणी ते वाक्य कानावरून गेलं. तुमच्या पाटीसमोर उभी असताना ते आठवलं.

आता मुद्द्यावर येते. फलकावर ‘फिलाडेल्फिया–कोलंबिया रेल्वे’ असं लिहिलेलं आहे. वाचणाऱ्याला वाटतं, असेल कुठली तरी जुनी खासगी कंपनी, केव्हाच बुडालेली. पण ती खासगी नव्हती. ती राज्याची होती. न्यूयॉर्कने १८२५ मध्ये ईरी कालवा पुरा केला आणि पश्चिमेचा व्यापार आपल्या हातून निसटणार या धास्तीने फिलाडेल्फियाच्या व्यापाऱ्यांची झोप उडाली. मग १८२६ पासून पेनसिल्व्हेनियाने सरकारी पैशातून फिलाडेल्फिया ते पिट्सबर्ग असा सुमारे ३९५ मैलांचा मार्ग बांधायला घेतला. काही अंतर कालव्याने, ॲलेगेनी डोंगर चढ-उताराच्या रुळांवरून दोरखंडाने ओढून, आणि पूर्वेकडचा ८२ मैलांचा टप्पा रेल्वेने. हा पूर्वेकडचा टप्पा म्हणजेच फिलाडेल्फिया–कोलंबिया रेल्वे. कामं राज्याच्या कालवा आयुक्तांनी ठेक्यावर दिली. ५९व्या मैलाचा ठेका फिलिप डफीकडे होता. १८३४ मध्ये मार्ग खुला झाला. सुरुवातीला तर सार्वजनिक रस्त्यासारखा, पथकर भरा आणि आपली गाडी आपले घोडे लावून चालवा, असा. त्याच वर्षी मथायस बाल्डविनचं ‘लँकेस्टर’ इंजिन त्यावर धावू लागलं. १८५७ मध्ये राज्याने हा सगळा मार्ग पेनसिल्व्हेनिया रेलरोड कंपनीला विकून टाकला.

म्हणजे ते ५७ जण ज्या कामावर मेले त्याचं मालक खुद्द हे राज्य होतं. आपला आयोग त्याच राज्याचा. राज्याचं अभिलेखागार आपल्याच देखरेखीखाली आहे, स्ट्रासबर्गचं रेल्वे संग्रहालय आपलंच. असं असताना पाटीवर मात्र दोष ठेकेदार आणि समाजातला आकस यांच्यात वाटून टाकला आहे आणि मालक कोण होता हे लिहिलेलंच नाही. ज्याने काम दिलं त्यानेच स्मारक लिहिलं, तर स्वतःचं नाव आधी घालावं. आमच्याकडे वारसा म्हणजे नुसती जमीनजुमल्याची वाटणी नसते, देणंही येतं.

त्या उन्हाळ्याबद्दल थोडं लिहिते, कारण पाटीवर तो एका ओळीत संपतो.

जून १८३२ मध्ये डेरीहून निघालेलं ‘जॉन स्टॅम्प’ नावाचं जहाज फिलाडेल्फियाला लागलं. डोनेगल, टायरोन आणि डेरी या भागांतली माणसं त्यात होती. तरुण मुलं, काही प्रौढ, निदान एक विधवा. बंदरावरूनच डफीने मजूर उचलले. काम काय, तर पुढची टेकडी कापायची आणि निघालेली माती शेजारच्या घळीत टाकून भराव घालायचा. आमच्या रेल्वेच्या भाषेत कटिंग आणि बँक. टिकाव, फावडं, घोड्याची गाडी. चिकणमातीचं भारी काम, आणि राहायला एकच झोपडं.

त्याच जून महिन्यात कॉलरा अटलांटिक ओलांडून क्वेबेकला पोचला होता. जुलैत तो फिलाडेल्फियात होता. त्याला तेव्हा ‘एशियाटिक कॉलरा’ म्हणत, कारण ती साथ बंगालच्या मुलखातून निघून रशिया, युरोप असा प्रवास करत आली होती. कॉलरा पाण्यातून पसरतो हे कुणाला माहीत नव्हतं. डॉक्टर जॉन स्नो लंडनमध्ये ते दाखवून देईल त्याला अजून बावीस वर्षं होती. तेव्हाची समजूत अशी की रोग घाणेरड्या हवेने होतो, आणि होतो तो दारुड्या, गलिच्छ, देवाला न मानणाऱ्या माणसांना. आयरिश मजुराच्या अंगावर हे तिन्ही शिक्के आधीच मारलेले होते.

आमच्या गावांत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याचीच, साथ आली की मरीआईचा गाडा काढत. देवीला गाड्यात बसवून वाजतगाजत शिवेपर्यंत न्यायचं आणि शिवेपलीकडे सोडून यायचं. पलीकडचं गाव मग तो गाडा आणखी पुढे ढकलायचं. भीतीपोटी केलेली ती गोष्ट होती आणि त्यात निदान लाकडाचा गाडा होता. इथे माणसंच शिवेबाहेर ढकलली गेली. आजारी पडलेले मजूर आसपासच्या घरांकडे गेले, दारं बंद मिळाली, परत त्या घळीत आले. शुश्रूषेला पुढे आल्या त्या फिलाडेल्फियाहून आलेल्या सिस्टर्स ऑफ चॅरिटीच्या नन, आणि जवळचा एक लोहार. ऑगस्ट संपेपर्यंत सगळं आटोपलं होतं. प्रेतं भरावाजवळ पुरली. काम दुसऱ्या मजुरांनी पुरं केलं.

पुढचं मला मृत्यूइतकंच जड वाटतं. त्या वेळी स्थानिक वर्तमानपत्रात आठ-नऊ मृत्यूंच्या पलीकडे आकडा गेला नाही. ५७ हा आकडा रेल्वेच्या फायलीत राहिला. १९०९ मध्ये पेनसिल्व्हेनिया रेलरोडचे एक तरुण अधिकारी मार्टिन क्लेमेंट यांनी या जागेची चौकशी केली आणि जुन्या मार्गाच्या दगडी ठोकळ्यांचं एक कुंपण तिथे घातलं. तेव्हाचं स्मारक ते. पुढे हेच क्लेमेंट त्या बलाढ्य कंपनीचे अध्यक्ष झाले. फाईल मात्र बंदच राहिली. कंपनी मोडीत निघाली तेव्हा ती त्यांच्या सचिवाच्या घरी गेली आणि सचिवाच्या नातवांच्या हाती पडली. विल्यम आणि फ्रँक वॉटसन हे ते जुळे भाऊ, एक इतिहासाचा प्राध्यापक, दुसरा पाद्री. कंपनीच्या फायलीत नव्वद वर्षं दडलेली गोष्ट एका घरातल्या कागदांतून बाहेर आली. ती फाईल त्या दिवशी रद्दीत गेली असती तर आज ना पाटी असती, ना हे पत्र.

आपण फलक उभारलात जून २००४ मध्ये. तेव्हा आपल्यापुढे फाईल होती, परंपरा होती, हाडं नव्हती. म्हणून तेव्हाच्या मजकुराला मी दोष देत नाही. त्या वेळी जे कळलं होतं ते प्रामाणिकपणे लिहिलं गेलं. आकसाचा उल्लेख करायला धैर्य लागतं, तेही आपण दाखवलंत. पण नंतर वॉटसन बंधू आणि इमॅक्युलाटा विद्यापीठातले त्यांचे सहकारी, विद्यार्थी वर्षानुवर्षं त्या रानात खणत राहिले. आधी मिळाल्या मातीच्या चिलमी. एकीवर आयरिश वीणा, दुसरीवर ‘डेरी’ हा शब्द. भूभौतिकशास्त्रज्ञ टिम बेक्टल यांनी जमिनीखाली काय आहे हे यंत्राने पाहून जागा दाखवली, आणि मार्च २००९ मध्ये पहिलं हाड हाती आलं. मग शवपेट्यांचे खिळे. मग कवट्या.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयात त्या तपासल्या गेल्या. काही कवट्यांवर मरणाच्या सुमारास बसलेल्या माराच्या खुणा निघाल्या, आणि एकीत बंदुकीच्या गोळीची खूण असावी असं तपासणाऱ्यांचं मत झालं. कॉलऱ्याने कवटी फुटत नाही. शिवाय उपचार मिळाले नाहीत तरी कॉलऱ्यात साधारण निम्मी माणसं वाचतात. इथे सगळेच्या सगळे गेले असतील तर त्याला नुसता रोग पुरेसा नाही, हे वॉटसन बंधू पहिल्यापासून सांगत आले आहेत. बहुधा साथ पसरू नये म्हणून कुणीतरी आजारी माणसांना, कदाचित धडधाकट माणसांनाही, मारून टाकलं.

मी ‘बहुधा’ लिहिते आहे ते जाणूनबुजून. मिळालेले अवशेष मोजक्याच जणांचे आहेत. मुख्य सामूहिक कबर सध्याच्या रुळांच्या इतकी जवळ आहे की रेल्वेच्या सुरक्षेपायी तिथे खणता आलं नाही. कुणी मारलं हे हाडं सांगत नाहीत. म्हणून ‘५७ जणांची हत्या झाली’ असं पाटीवर लिहा, असं माझं म्हणणं मुळीच नाही. तेही खोटं ठरेल. पण ‘कॉलऱ्याने मेले’ एवढंच ठेवणं हेही आता खरं राहिलेलं नाही. जे सापडलं तेवढंच लिहावं. काहींच्या अवशेषांवर हिंसेच्या खुणा आढळल्या, एवढं एक वाक्य.

आणि नावं. नावं नाहीत असं आता म्हणता येणार नाही. ‘जॉन स्टॅम्प’च्या प्रवाशांची यादी उपलब्ध आहे. पहिला सापळा एका तरुणाचा होता आणि त्याची वरची एक दाढ जन्मतःच उगवलेली नव्हती. यादीत १८ वर्षांचा जॉन रुडी होता, डोनेगलचा. तिकडच्या रुडी घराण्यात आजही काही जणांना ती दाढ नसते. २०१३ मध्ये त्याला आयर्लंडला नेऊन अर्डारा गावी पुरलं. एका दाढेच्या खुणेवर एकशेऐंशी वर्षांनी पोरगं घरी गेलं. दुसरी कॅथरिन बर्न्स, २९ वर्षांची विधवा, टायरोनची. ती ७० वर्षांच्या सासऱ्याबरोबर, जॉन बर्न्सबरोबर, आली होती. सत्तरीचा म्हातारा आणि विधवा सून एवढा समुद्र ओलांडून कशाला निघाले असतील, मागे काय उरलं असेल, याचा विचार मी गाडीत बसून अनेकदा केला आहे. २०१५ मध्ये तिला क्लोनो गावी माती मिळाली. आणखी पाच जणांना मार्च २०१२ मध्ये बाला किनविडच्या वेस्ट लॉरेल हिल दफनभूमीत विधिपूर्वक पुरलं, वर केल्टिक क्रूस उभा केला. म्हणजे लोकांनी आपलं काम केलं. गावांनी केलं, विद्यापीठाने केलं, दफनभूमीने जागा दिली. राज्याने शेवटचा शब्द २००४ मध्ये उच्चारला.

वाटेल, कर्जतच्या बाईचा या सगळ्याशी काय संबंध. तोही सांगते, कारण तो ओढूनताणून आणलेला नाही. माझं गाव भोर घाटाच्या पायथ्याशी आहे. तिथे आजही पुण्याला जाणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिनं जोडतात तेव्हा कुठे ती चढते. १८५६ ते १८६३ या काळात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने हा घाट बांधला. सुमारे पंधरा-सोळा मैलांची चढण, २५ बोगदे. १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांहून जास्त माणसं एकाच वेळी कामावर होती. पटकीच्या साथी आल्या आणि मजूर हजारोंनी मेले. १८५९ मध्ये मजुरीवरून दंगा झाला, ठेकेदार बदलला. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच आजाराने वारला. त्याची बायको ॲलिस हिने ठेका पुरा करून दिला. तिचं धाडस मोठंच, आणि ते नोंदलं गेलं ते योग्यच झालं. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली यांचंही नाव राहिलं. पण त्या हजारोंपैकी एकाचंही नाव माझ्या वडिलांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही ते कुठल्या पाटीवर वाचायला मिळालं नाही. आमच्याकडे ‘जॉन स्टॅम्प’सारखी यादी नाही. दाढ ओळखायला सापळा नाही. मुकादमाच्या हजेरीपटावर अंगठे असतील, ते पट गेले.

तुमच्याकडे यादी आहे. मला तुमचा हेवा वाटतो. जे आमच्या घाटातल्या माणसांसाठी कधीच करता येणार नाही, ते इथे एका बैठकीत करता येण्यासारखं आहे आणि म्हणूनच ते राहून गेलेलं मला पाहवत नाही.

आपल्या पाट्यांवर जागा थोडी असते हे मला कळतं. प्रत्येक शब्द तोलून घ्यावा लागतो. म्हणून मी नुसती तक्रार करत नाही, मजकुराचा मसुदाही जोडते आहे. इंग्रजी प्रतीत तो पाटीच्या मापात बसवून दिला आहे. मराठीत तो असा होईल :

“जवळच ५७ आयरिश मजुरांची कबर आहे. डोनेगल, टायरोन आणि डेरीहून आलेले हे स्त्री-पुरुष पेनसिल्व्हेनिया राज्याने बांधलेल्या फिलाडेल्फिया–कोलंबिया रेल्वेवर काम करत होते. ऑगस्ट १८३२ च्या कॉलऱ्याच्या साथीत त्यांना आसरा आणि शुश्रूषा नाकारली गेली. २००९ नंतरच्या उत्खननात काहींच्या अवशेषांवर हिंसेच्या खुणा आढळल्या. ओळख पटलेल्यांत जॉन रुडी (वय १८) आणि कॅथरिन बर्न्स (वय २९) आहेत.”

पाटीला दोन बाजू असतात. मागच्या बाजूला जहाजाच्या यादीतली, ज्यांच्याबद्दल अभ्यासकांची खात्री आहे ती बाकीची नावं घालता येतील. खात्री नसलेलं एकही घालू नये.

खर्चाचा प्रश्न असेल तर तो अडसर ठरू नये. आम्ही मराठी माणसं गणपतीला वर्गणी काढतो, शाळेला काढतो, पूरग्रस्तांसाठी काढतो. याही कामाला काढू. माझ्या ओळखीच्या आठ-दहा घरांनी आत्ताच हो म्हटलं आहे. त्यातले निम्मे रोज त्या रुळांवरून जातात. आयरिश मंडळींना विचारल्याशिवाय यात एक पाऊलही टाकणार नाही. मृत त्यांचे आहेत, आम्ही हात लावायला येतो आहोत.

आपल्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा ही विनंती. बोलण्यासाठी नागरिकांना वेळ दिला जात असेल तर मी हॅरिसबर्गला येईन. माल्व्हर्नच्या बाजूने जाणाऱ्या त्याच मार्गावरची गाडी धरून येईन.

आणि सगळं करूनही मजकूर पाटीत मावत नाही असं कुणी म्हटलं, तर ठेकेदाराचं नाव काढा. जागेच्या नावात ते आहेच. त्या मोकळ्या झालेल्या जागेत जॉन रुडी, वय १८, एवढं मावतं. मी मोजून पाहिलं आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
कर्जतच्या एका की-मनची मुलगी
मुक्काम एक्स्टन, पेनसिल्व्हेनिया